सत्तर गुणांच्या सिल्व्हर ईगल नाण्यांची खरी किंमत कोणती मानावी?

एडिसनकर

माझ्या दिवंगत सासऱ्यांनी न्यू जर्सीत असताना जमवलेली अमेरिकन सिल्व्हर ईगल नाणी आता त्यांच्या दोन मुलांमध्ये, म्हणजे माझी पत्नी आणि नाशिकला असणारे तिचे थोरले भाऊ यांच्यात, वाटायची आहेत. बहुतेक नाणी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या डबीत, असून त्यांवर एमएस ७० किंवा एमएस ६९ असा (न वापरलेल्या नाण्याचा, सत्तरपैकी) दर्जा छापलेला आहे. काही नाणी टीव्हीवरच्या एका खरेदीवाहिनीवरून घेतलेली आहेत; त्यांच्या पावत्या सासऱ्यांनी जपून ठेवल्या होत्या.

पीसीजीएसच्या किंमत-मार्गदर्शिकेतील आकड्यांची बेरीज केली, तर रक्कम बरीच मोठी दिसते. जवळच्या नाणेविक्रेत्याने मात्र तिच्या निम्म्याहूनही कमी रक्कम देऊ केली आणि ईबेवर पाहावे, तर त्याच नाण्यांना मार्गदर्शिकेच्याही वर किंमत मागणारे लोक बसलेले आहेत. आम्हाला नाणी विकायची नाहीत. दोघांपैकी एकाने ती ठेवावी आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्याचे पैसे द्यावेत, असे ठरले आहे. कोणता आकडा धरला म्हणजे कोणाचेच नुकसान होणार नाही?

तिरकस

एकाने आकडा सांगावा आणि त्या आकड्याला नाणी ठेवायची की पैसे घ्यायचे, हे दुसऱ्याने ठरवावे. किंमत आपोआप ताळ्यावर येईल.

मोडीचा_भाव

आमचे घराणे कोल्हापूरच्या गुजरीतले, त्यामुळे माझे मत थोडे सराफी वाटेल; ते तसेच घ्यावे. एका सिल्व्हर ईगलमध्ये एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ शुद्धतेची चांदी असते. दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून किंचित जास्त. ही चांदी जगात कुठेही विकली जाते आणि तिचा भाव कोणालाही विचारता येतो. त्यावरचा जो काही पैसा आहे, तो दागिन्यावरच्या मजुरीसारखा आहे: देताना पुरेपूर द्यावा लागतो आणि मोडताना हाती लागत नाही. दुकानदाराने निम्म्याहून कमी सांगितले म्हणून त्याला लगेच लबाड समजू नये. त्याला तेच नाणे उद्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून ज्या भावाने मिळते, त्यापेक्षा जास्त तो आपल्याला का देईल?

निरंजन_संग्राहक

मोडीचा_भाव यांच्याबद्दल आदर ठेवूनही हे मत अर्धेच बरोबर आहे, असे मला वाटते. १९९५ चे वेस्ट पॉइंट टांकसाळीचे प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेले, नाणे घ्या. ते फक्त ईगल मालिकेच्या दहाव्या वर्धापनाच्या पाच नाण्यांच्या संचात मिळत असे. संचाची किंमत ९९९ डॉलर होती आणि चार सोन्याच्या नाण्यांसोबत हे चांदीचे नाणे येत असे. अशी ३०,१२५ नाणी निघाली. त्याला कोणी चांदीच्या भावाने मोडायला निघाला, तर मी रांगेत सर्वांत पुढे उभा राहीन. १९९९ चे साधे बुलियन, म्हणजे धातूतील गुंतवणुकीसाठी काढलेले, नाणेही तसेच आहे. ते लाखोंनी निघाले, पण ७० दर्जात फारच थोडी उतरली. ज्यांना १९८६ पासूनचा संपूर्ण संच ७० मध्ये लावायचा आहे, ते त्या एका नाण्यापाशी अडतात. तेथे दर्जाला खरेच पैसे मोजले जातात.

पाच_पट_भिंग

वरचे दोघेही आपापल्या नाण्यांविषयी खरे बोलत आहेत. अडचण अशी की ते वेगवेगळ्या नाण्यांविषयी बोलत आहेत. या विषयात मला बराच रस असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

ही सत्तरची मोजपट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी मांडली. तिच्यातला आकडा केवळ सौंदर्याचा नव्हता, तो किमतीचाच होता. जेमतेम ओळखता येईल अशा झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली, तर निर्दोष नाण्याची सत्तर पट, असा तो हिशेब होता. किमतीचा हिशेब काळाच्या ओघात गळून पडला आणि आकडे तेवढे उरले. नुकत्याच टांकसाळीतून निघालेल्या बुलियन नाण्यांना जेव्हा ही पट्टी लावतात, तेव्हा ६९ आणि ७० यांतला फरक पाच पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली शोधावा लागतो. स्वातंत्र्यदेवतेच्या आकृतीशेजारच्या मोकळ्या, चकचकीत पृष्ठभागावर किंवा तिच्या मांडीच्या उंच भागावर केसाएवढी खूण आहे की नाही, एवढाच तो फरक. दिव्याचा उजेड तिरपा धरून स्लॅब हळूहळू फिरवली, तरच ती खूण लखकन दिसते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता किमतीकडे. अशा प्रत्येक नाण्याच्या किमतीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली चांदी. दुसरी, सुट्या ईगल नाण्याला चांदीच्या वर मिळणारा अधिभार, जो बाजारातल्या टंचाईप्रमाणे खालीवर होतो. तिसरी गोष्ट म्हणजे स्लॅबवरचा आकडा. आपले मतभेद या तिसऱ्या भागाबद्दलच आहेत. समजा, चांदी औंसाला ३० डॉलर आहे, सुटे नाणे ३४ ला विकले जाते आणि मागच्या पंधरा वर्षांतल्या एखाद्या सर्वसामान्य वर्षाचे ६९ दर्जाचे नाणे ३८ ला जाते. त्या चार डॉलरांत दर्जा ठरवण्याची फीसुद्धा निघत नाही. म्हणजे बाजाराने ६९ ला जवळजवळ काहीच दिलेले नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परंतु प्रमाण साधारण असेच असते. चांदी वेगाने चढली की दर्जाचा वरचा पैसा आणखी आकसतो, कारण लोक नाणी धातू म्हणून विकायला काढतात आणि व्यापारी स्लॅबकडे पाहतही नाहीत.

एडिसनकर

मनापासून आभार. मग मार्गदर्शिकेतला आकडा कोणासाठी असतो? तो अगदीच काल्पनिक आहे का?

पाच_पट_भिंग

काल्पनिक नाही, पण तो किरकोळ विक्रीचा आहे. एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानातून ग्राहकाला विकताना लावावी अशी ती किंमत असते आणि आधुनिक नाण्यांच्या बाबतीत ती अनेकदा उदार असते. व्यापारी एकमेकांत ग्रेशीटचे घाऊक भाव वापरतात आणि तो तक्ता सामान्य ग्राहकाला फारसा आवडत नाही, यावरूनच काय ते समजावे.

आपल्याला हवा आहे तो झालेल्या विक्रीचा आकडा. ईबेवर शोधताना केवळ विकलेल्या वस्तू दाखवणारा पर्याय निवडावा. मागणाऱ्याला काहीही मागता येते, त्यामुळे न विकलेल्या वस्तूची किंमत हा पुरावाच नव्हे. विकलेल्या यादीतही एक खोच आहे. ज्या ठिकाणी विक्रेत्याने ग्राहकाचा देकार मान्य केलेला असतो, तेथे मूळ मागणी खोडलेली दिसते, पण प्रत्यक्ष कितीला सौदा झाला ते दिसत नाही. अशा नोंदी बाजूला ठेवाव्यात. हेरिटेज आणि ग्रेटकलेक्शन्स या लिलावगृहांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी पाहता येतात. मात्र तेथे दिसणारी रक्कम खरेदीदाराच्या अधिभारासह असते. विकणाऱ्याच्या हाती ती सगळी येत नाही.

निरंजन_संग्राहक

नोंदी पाहताना एकच मोठी विक्री पाहून भाळू नये, हेही सांगायला हवे. मीच वर ज्याचे गुणगान केले, त्या १९९५ च्या वेस्ट पॉइंट नाण्याचा ७० दर्जाचा एक नग २०१३ मध्ये ग्रेटकलेक्शन्सच्या लिलावात ८६ हजार डॉलरांच्या वर गेला. पुढे पीसीजीएसने आणखी काही नाण्यांना तोच दर्जा दिला आणि नंतरचे नग त्याहून कितीतरी कमी किमतीला गेले. त्या दिवशी दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले होते, एवढेच त्या आकड्यातून सिद्ध होते. स्वतःच्या आवडीच्या नाण्याविषयी हे लिहिताना मला फार आनंद होत नाही.

तिरकस

निरंजन, आता तुम्हाला सराफी पंथात प्रवेश मिळाला आहे. गुजरीत पेढे वाटले जातील.

पाच_पट_भिंग

निरंजन यांनी कळीचा मुद्दा काढला. दर्जाप्राप्त नाण्यांची जी संख्या कंपन्या जाहीर करतात, तिला लोक दुर्मिळतेचा दाखला समजतात. वास्तविक त्या यादीतून किती नाणी अस्तित्वात आहेत हे कळत नाही, किती नाणी कोणी तपासायला पाठवली एवढेच कळते. २०१५ मध्ये सिल्व्हर ईगलची ४ कोटी ७० लाख बुलियन नाणी निघाली. टांकसाळ ती वीस-वीसच्या नळ्यांत आणि पाचशेच्या हिरव्या पेट्यांत भरून अधिकृत घाऊक खरेदीदारांना देते. त्या पेट्यांपैकी किती पेट्या न उघडता पडून आहेत, ते सांगणे कठीण आहे. उद्या ७० ला चांगला भाव आला, की त्यातल्या काही उघडतील आणि यादीतली संख्या वाढेल. ही संख्या सहसा वरच चढते. त्यातून मोठे व्यापारी नाणी ठोक पाठवताना किमान दर्जा ठरवून देतात; त्याखालची नाणी स्लॅबमध्ये न घालता परत येतात आणि सुटी विकली जातात. त्यामुळे यादीतले ६९ आणि ७० यांचे प्रमाण पाहून टांकसाळीच्या कामाचा अंदाज बांधणेही फसवे असते.

१९९९ चे नाणे इतरांपेक्षा वेगळे ठरते ते एवढ्यासाठी, की लोकांनी वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही त्यातून ७० फारसे निघालेले नाहीत. दीर्घकाळ शोध घेऊनही संख्या वाढली नसेल, तर त्या दुर्मिळतेवर भरवसा ठेवावा. कालपरवाच्या नाण्याची संख्या कमी दिसत असेल, तर बहुधा कोणी पाठवलेलीच नसतात.

आजोबा_सॅनहोजे

एडिसनकर, किमतीचा विचार करण्याआधी प्रत्येक स्लॅब खिडकीपाशी नेऊन बघा. चांदीच्या आधुनिक नाण्यांवर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढुरके डाग येतात. बहुतेकांच्या मते नाण्याचा कोरा गोल धुताना राहिलेल्या रसायनाचा अंश पुढच्या तापवण्यात पक्का होतो आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, वर उमटतो. कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यांना ही व्याधी इतकी होती की रॉयल कॅनेडियन मिंटने २०१८ पासून त्यावर खास प्रक्रिया सुरू केली. ईगलही त्यातून सुटलेले नाही. दर्जा ठरवला तेव्हा नाणे निर्दोष असेल, पण आज देवतेच्या चेहऱ्यावर डाग असेल, तर स्लॅबवर ७० छापलेले असूनही खरेदीदार ६९ च्याही खाली मागतो. असे नंतर उमटलेले डाग कंपन्यांच्या हमीत सहसा बसत नाहीत. स्लॅब फोडून नाणे रसायनात बुडवावे, तर दर्जाच गेला.

एडिसनकर

आजोबा, पाहिले. सात-आठ नाण्यांवर डाग आहेत आणि त्यांतली बरीचशी टीव्हीवरून घेतलेलीच आहेत. आणखी दोन शंका. काही स्लॅबवर फर्स्ट स्ट्राइक किंवा अर्ली रिलीझेस असे लिहिलेले आहे, त्याला किती द्यावे? आणि एका २०१५ च्या नाण्याच्या स्लॅबवर कंसात फिलाडेल्फियाचे पी अक्षर आहे. नाण्यावर मात्र तसे चिन्ह कुठेच सापडले नाही.

पाच_पट_भिंग

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे. नाणे विक्रीस आल्यापासून साधारण पहिल्या तीस दिवसांत कंपनीकडे किंवा तिने मान्य केलेल्या गोदामात पोहोचले, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. साच्यातून पहिले निघालेले नाणे असा त्याचा अर्थ होत नाही. वाटणीत त्याला शून्य धरावे, किंवा फार तर दोन डॉलर.

दुसरे नाणे मात्र जपून ठेवा. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ७९,६४० बुलियन नाणी निघाली, पण त्यांवर टांकसाळीचे चिन्ह नव्हते. वेस्ट पॉइंटला निघालेल्या कोट्यवधी नाण्यांपासून ती डोळ्यांनी वेगळी काढता येत नाहीत. कोणत्या क्रमांकाच्या पेट्या फिलाडेल्फियाहून गेल्या, याची माहिती नंतर बाहेर आली आणि त्या पेट्यांतून आलेल्या नाण्यांनाच कंपन्यांनी तसे लेबल दिले. म्हणजे स्लॅब फोडली, की त्या नाण्याचा सगळा जादा भाव त्या क्षणी नाहीसा होतो. सासऱ्यांच्या संग्रहात १९९५ चे प्रूफ नसेल, तर बहुधा हेच सर्वांत मोलाचे असेल.

मोडीचा_भाव

म्हणजे लोक प्लास्टिकच विकत घेत आहेत. माझे म्हणणे याहून वेगळे कुठे होते?

निरंजन_संग्राहक

नोटसुद्धा कागदच असते. लोक ती तुमच्याकडून घेतात, तोपर्यंत ती नोट असते.

सुलभा_पी

मी येथे हिशेबतपासनीस म्हणून काम करते, तेव्हा माझ्या बाजूचे थोडे. आपण कोणत्या कामासाठी किंमत विचारता, यावर उत्तर बदलते. विम्यासाठी हवी असेल, तर तेच नाणे पुन्हा विकत घ्यायला जे लागेल ते, म्हणजे किरकोळ भाव. तेथे मार्गदर्शिकेचा आकडा फारसा वावगा नाही. विकायचे असेल, तर खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम. ईबेवर नाण्यांच्या विक्रीत १३ टक्क्यांच्या आसपास शुल्क कापले जाते, त्यावर विमा उतरवून पाठवण्याचा खर्च वेगळा. वारशाच्या करासाठी मात्र व्याख्या ठरलेली आहे: कोणतीही सक्ती नसलेला आणि वस्तूची नीट माहिती असलेला खरेदीदार व तसाच विक्रेता यांच्यात जो व्यवहार होईल, त्याची किंमत. ती मृत्यूच्या दिवशीची धरतात आणि अमेरिकेत वारसाची खरेदीकिंमतही सर्वसाधारणपणे तीच मानली जाते. म्हणून त्या दिवसाच्या किमतीची नोंद आताच करून ठेवा. पुढे कधी विकताना नाण्यांना संग्रहणीय वस्तूंचा नियम लागतो आणि एका वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या अशा वस्तूंच्या नफ्यावर कराचा दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. वारशात एक वर्षाची अट आपोआप पूर्ण झाली असे मानतात, तेवढी सोय.

गोदाकाठ

नाशिकचे बंधू नाणी घेणार असतील, तर एक व्यावहारिक गोष्ट. भारतात येताना दागिन्यांसाठी जी करमुक्त सवलत असते, ती नाण्यांना लागू होत नाही, त्यामुळे ती विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे लागते. त्यापेक्षा मोठी अडचण नंतरची. आमच्या सराफ बाजारात एमएस ७० ला वजनापलीकडे काहीही मिळणार नाही. उलट धातू तपासण्यासाठी सराफ प्रथम स्लॅब फोडायला सांगेल. ज्या बाजारात दर्जाला किंमत आहे, तो बाजार अमेरिकेत आहे. मग नाणीही तिकडेच राहिलेली बरी.

आजोबा_सॅनहोजे

विषयाला थोडा फाटा फोडतो. माझ्याकडे एक औंसाची काही सोन्याची ईगल आहेत. तेथेही ७० ला असेच नाक मुरडायचे का?

पाच_पट_भिंग

एक औंसाच्या सोन्याच्या नाण्यात धातूच इतका महाग असतो, की दर्जाचा जादा पैसा एकूण किमतीत अल्प ठरतो. चुकलात तरी फार चुकणार नाही. गोल्ड ईगल २२ कॅरटचे असते, तरी त्यात शुद्ध सोने पूर्ण एक औंस असते. मिश्रधातू धरून वजन ३३.९३ ग्रॅम भरते. नवखे लोक कॅरट पाहून कमी किंमत लावतात, तेवढे सांभाळावे. दशांश औंसाच्या नाण्यांत मात्र चांदीच्या नाण्यांसारखेच होते: धातू थोडा, वरचा पैसा जास्त.

एडिसनकर

सर्वांचे वाचून आम्ही असे करायचे ठरवत आहोत. डागाळलेली आणि ६९ ची सर्व नाणी सुट्या ईगलच्या भावाने. सर्वसामान्य वर्षांच्या ७० ला मागच्या तीन महिन्यांतल्या ईबेवरच्या झालेल्या विक्रींपैकी मधला आकडा, आणि त्यातून शुल्क वजा. २०१५ चे फिलाडेल्फियाचे नाणे आणि दोन १९९६ ची नाणी यांचा हिशेब लिलावगृहांच्या नोंदींवरून वेगळा. नाणी पत्नीकडे राहतील. यात कोणावर अन्याय होतो आहे का?

सुलभा_पी

शुल्क पूर्ण वजा करू नका, असे सुचवते. ताई नाणी विकणारच नसतील, तर ते शुल्क कोणीच भरणार नाही आणि भाऊसाहेबांना मात्र त्याचा अर्धा भार सोसावा लागेल. उलट अजिबात वजा केले नाही, तर उद्या विकताना सगळा भार ताईंवर पडेल. निम्मे वजा करावे.

निरंजन_संग्राहक

१९९६ हे बुलियन ईगलचे सर्वांत कमी संख्येचे वर्ष आहे, सुमारे ३६ लाख. पण लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत असल्याने ती नाणी जपून ठेवली गेली. आपली दोन्ही कोणत्या दर्जाची आहेत? ६९ ची असतील, तर जादा भाव आहे, पण थोडका. त्यांना सुट्या ईगलच्या भावात टाकू नका, एवढेच.

एडिसनकर

दोन्ही ६९. आपल्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा भाव वेगळा काढतो. शेवटचा प्रश्न: चांदीचा भाव कोणत्या दिवसाचा धरावा? भाऊ पुढच्या महिन्यात पैसे स्वीकारणार आहेत आणि भाव तर रोज हलतो आहे.

मोडीचा_भाव

ज्या दिवशी पैसे हातात पडतील, त्या दिवसाचा. लंडनला चांदीचा भाव दिवसातून एकदा, दुपारी बारा वाजता ठरतो आणि जाहीर होतो. तो लिहून घ्या. दर्जाचा जो वरचा पैसा आहे, तो आज ठरवून टाकला तरी चालेल, कारण तो इतक्या लवकर हलत नाही. दोन्हींची बेरीज त्या दिवशी करा आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

तिरकस

आणि कोणी कुरकुर केली, तर माझा पहिला उपाय आहेच.